हंडा, सोनेरी एल आणि ग्रीनवुड बाईंचे नाक

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. यॉर्कशायरच्या डोंगरउतारावरच्या एका दगडी घरात, मागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. माझा जन्म खरे तर कपडे उकळण्यासाठी झाला. सग्डन आजी दर सोमवारी माझ्यात चादरी उकळायच्या आणि लाकडी दांड्याने ढवळायच्या. पुढे घरात धुण्याचे यंत्र आले आणि मी अडगळ ठरलो. भंगारवाला दारात उभा असताना आजींचा मुलगा विल्फ्रेड, म्हणजे आमचा विल्फ, आडवा आला. तो बस चालवायचा, आणि त्याला नुकताच घरी बिअर बनवण्याचा नाद लागला होता. त्याने मला व्हिनेगर आणि मिठाने घासून लख्ख केले, बुडाशी एक तोटी बसवली, आणि मला दुसरा जन्म मिळाला.

विल्फ बनवायचा ती सोनेरी एल. हलकी, उन्हाच्या रंगाची बिअर. मोड आणून वाळवलेले फिकट जव तो गरम पाण्यात भिजवायचा, त्यांचे गोड पाणी गाळून माझ्यात ओतायचा आणि उकळायचा. मग हॉप्सची फुले टाकायची. आधीची कडवटपणासाठी, शेवटची सुगंधासाठी. पाणी निवले की ते शेजारच्या पांढऱ्या पिंपात जायचे आणि तिथे यीस्ट घालून आंबत राहायचे. पिंपाला त्याचा फार तोरा. बिअर आपल्यातच होते, हंड्यात नुसता काढा उकळतो, असे त्याला वाटे.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. क्रिकेट क्लबची मंडळी सामना हरली तरी विल्फच्या अंगणात येऊन खुशीत बसायची. नाराज असायच्या त्या फक्त भिंतीपलीकडच्या ग्रीनवुड बाई. त्यांनी लहानपणी चर्चमध्ये दारूला न शिवण्याची शपथ घेतली होती आणि ती पाळली होती. शनिवारी माझ्या खाली जाळ पेटला की त्या खिडक्या आपटून बंद करायच्या.

मग एका हिवाळ्यात विल्फला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना त्याची वासाची आणि चवीची जाणीव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा नाहीही येणार. विल्फने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. हातांना सगळे ठाऊक आहे, असे म्हणून त्याने पुन्हा एल केली आणि क्लबात नेली. मंडळींनी तोंडे वाकडी न करता एकेक घोट घेतला. त्याचा जिवलग मित्र नॉर्मन मात्र हळूच उठला आणि त्याने आपला ग्लास फुलांच्या कुंडीत रिकामा केला. विल्फने ते पाहिले.

घरी येऊन तो माझ्यासमोर उभा राहिला. "हंडाच जुना झाला," तो म्हणाला. "तांबं बिघडलं असणार."

मित्रांनो, इतकी वर्षे जाळावर बसलो, पण असा चटका मला कधी बसला नव्हता. त्याने मला कोळशाच्या खोलीत नेऊन ठेवले. माझ्यात पेंढा भरून डेलियाचे कंद ठेवले. माझ्या तोटीत कोळ्याने जाळे विणले.

वसंतात त्याची मुलगी हेदर आली. ती पुन्हा लग्न करणार होती. दोघे अंगणात बसले होते आणि कोळशाच्या खोलीचे दार उघडे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाबा, लग्नात तुझी एल हवी. पहिल्या लग्नात दुकानातली आणली होती, बघितलंस ना काय झालं."

विल्फ हसला नाही. "नाही जमणार गं. मला वासच येत नाही. ताप आला तेव्हापासून."

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला. ग्रीनवुड बाई कपडे वाळत घालत होत्या.

"असं आहे होय. मला वाटलं, सग्डन शेवटी सुधारले."

"बाई, आज तरी टोमणे नकोत."

"टोमणा नाही. इतकी वर्षं मी खिडकी लावत आले ती वास येतो म्हणूनच ना? तुमच्या हंड्यात केव्हा काय चाललंय, ते मला घरात बसून कळायचं. शपथ पिण्यावर आहे, हुंगण्यावर नाही."

पुढच्या शनिवारी त्या एप्रन बांधून, मागच्या दाराने आल्या. मला बाहेर काढले होते. त्यांनी माझ्यात डोके घातले. माझा जीव तोटीशी आला होता.

"मातीचा वास आहे. धुतला की जाईल. हंड्याला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. मग पिंपापाशी वाकल्या आणि चटकन मागे सरल्या. "इथे व्हिनेगरमधले कांदे कुणी ठेवलेत?"

विल्फने पिंपाची तोटी फिरवून काढली. आत तपकिरी बुळबुळीत थर साचला होता. सारी एल तिथेच आंबट होत होती, आणि त्याला ते कळायला मार्ग नव्हता. मग येऊन त्याने माझ्या काठावर हात ठेवला. तेवढे मला पुरले.

पिंपाला नवी तोटी बसली. मला घासले, जाळ पेटला. बाई खुर्ची टाकून माझ्याजवळ बसल्या.

"उकडलेल्या कोबीचा वास येतोय. झाकण काढा."

"काढलं."

"आता गेला. थांबा, फुलं इतक्यात नको. हां, आता टाका. संत्र्याच्या सालीसारखं येतंय."

लग्नाच्या दिवशी मला गावच्या सभागृहात नेले, गार पाण्याने भरले आणि बाटल्या माझ्यात उभ्या केल्या. पहिला ग्लास नॉर्मनला मिळाला. त्याने घोट घेतला, विल्फकडे पाहिले आणि कसनुसा होऊन म्हणाला, "विल्फ, मागच्या वेळी मी तुला तोंडावर सांगायला हवं होतं."

"हवं होतंस," विल्फ म्हणाला, आणि त्याने त्याचा ग्लास पुन्हा भरला.

स्वतःचा ग्लास त्याने ग्रीनवुड बाईंपुढे धरला. "सांगा, कशी झालीय?"

बाईंनी डोळे मिटून हुंगले. "कापलेलं गवत. पावाची कड. मागे संत्रं. आणखी आठवडाभर ठेवली असती तर बरं झालं असतं."

विल्फने घोट घेतला. त्याला गारव्याखेरीज काही लागले नसणार, पण ग्लास रिकामा होईपर्यंत तो बाईंना पुन्हापुन्हा तेच सांगायला लावत होता.

आता दर शनिवारी आमची बैठक असते. परवा मी रंगात येऊन उकळत होतो, बाई माझ्यावर वाकून हुंगत होत्या, आणि विल्फ अचानक ढवळायचा थांबला.

"काहीतरी करपतंय," तो म्हणाला.

"छे, हंडा ठीक आहे."

"हंडा नाही. तुमच्या घराकडून येतंय."

बाईंनी मान वर केली, मग एप्रनसकट पळत सुटल्या. त्यांचा केक भट्टीत कोळसा झाला होता. विल्फ जागचा हलला नाही. ढवळायचा दांडा दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून, तो करपलेल्या केकचा वास छातीभर घेत राहिला.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. वस्तू बिघडली असे वाटले तर तिला अंधारात टाकण्याआधी एकदा नीट घासून पाहा, तिच्या तोट्या उघडून पाहा. आणि स्वतःला काही कळेनासे झाले, तर भिंतीपलीकडे हाक मारायला लाजू नका.