चेंपेडाकवरची चिलटं

मी घड्याळजीच्या डोळ्याची काच बोलतेय. भिंग म्हणा हवं तर. मलेशियातल्या पेनांगच्या बाजारातल्या दुकानात, सेंग लीच्या उजव्या डोळ्यात माझा सगळा जन्म गेला. मोहरीएवढे स्क्रू मी त्याला ताटाएवढे करून दाखवले. दुपारी त्याची बायको स्यू लान भाताचा डबा घेऊन यायची, तर हा मला न काढताच वर बघायचा. म्हणायचा, "अगं, तुझ्या नाकावरचा तीळ केवढा हा!" ती डबा आपटायची, पण हसायची.

गेले ते दिवस. त्याचे हात थरथरू लागले, दुकानाला कुलूप लागलं, स्यू लानही गेली. मागे राहिलं तिनं अंगणात लावलेलं चेंपेडाकचं झाड. फणसाचाच धाकटा भाऊ तो. पण ती गेल्यापासून झाड फळेचना. नरफुलांच्या कणसांवर बुरशी यायची, भोवती चिलटं घोंगावायची.

मुलगा बून म्हणाला, झाड सडलंय, तोडू, गाडीला जागा होईल. रविवारी करवतवाला यायचं ठरलंही. तेव्हापासून सेंग लीचं जेवणच तुटलं.

सून घेक इम, तिला माशा-चिलटांची भारी किळस. पण सासऱ्याचं ताट तसंच परत येताना तिला बघवेना. तिनं मला खोक्यातून काढलं आणि रबर लावून फोनच्या डोळ्यावर बसवलं. फोटो काढून माशा ओळखणाऱ्या मंडळींना पाठवले. कुणी म्हणे फळमाशी, कुणी म्हणे डास. एका बाईनं कळवलं, हललेल्या फोटोवरून नाव सांगता येत नाही. मिशा दाखवा, पंखाच्या शिरा दाखवा.

मग घेक इम स्टुलावर चढली. खालून म्हातारा सांगतोय, "श्वास धर. घड्याळ उघडं असताना शिंकलं की संपलं."

"पा, तुमची घड्याळं उडून नव्हती जात," ती पुटपुटली.

तेवढ्यात चिलट पाय चोळत बसलं, आणि मला दिसलं. मिशा म्हणजे मण्यांची माळ, पंखात शिरा दोन-तीनच.

संध्याकाळी उत्तर आलं. भातपिकाची नासाडी करणाऱ्या गादमाशीच्या कुळातलं चिलट, पण हे झाडाचं भलं करणारं. नरफुलांवरच्या बुरशीवर जगतं, तिथंच अंडी घालतं, आणि अंगाला लागलेला पराग मादीफुलांवर नेतं. खाली बाईनं विचारलं होतं, बुरशीची कणसं कुणी काढून टाकतं का?

घेक इमनं सासऱ्याकडे पाहिलं. स्यू लान गेल्यापासून हाताला लागेल ते कणीस रोज सकाळी वेचून जाळणारा तोच. घड्याळजी ना, घाण दिसली की त्याला चैन पडत नसे. तो म्हणाला, "म्हणजे तिचं झाड मीच उपाशी ठेवलं."

"उपाशी नाही, पा. फार पुसून ठेवलंत."

बून कुरकुरला, माशीच्या शब्दावर झाड ठेवायचं का? ती म्हणाली, "तुझ्या शब्दावर तोडायला निघालो होतोच ना!" करवतवाल्याला नको म्हणून निरोप गेला.

पुढच्या मोसमात खोडाला फळं धरली. फार नाही, पण धरली.

आता माझ्या अंगावर चरे पडलेत, आणि त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. कधी कधी घेक इम मला फोनवरून सोडवते, त्याच्या डोळ्यात बसवते आणि आपल्या मनगटावरचं चिलट पुढे धरते. तो बघत राहतो. त्याला काय दिसतं, देव जाणे. माझं मागणं एवढंच. तो डोळा मिटला की मला खुशाल खोक्यात टाका. तोवर नको.