चार पानं आणि एक व्हॉल्व्ह

मी एक जुना टाइपरायटर आहे. मित्रांनो, मी माझी कहाणी सांगणार आहे, पण ती कशासाठी ते आधी सांगतो. तुम्हाला माझी दया यावी म्हणून मुळीच नाही. लिहायला बसण्याआधी तुम्ही जरा थांबावं, एवढ्यासाठीच. हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर माझ्यात आणि पुढे भेटतील त्या प्रस्तावनाबुवांत फरक तो काय राहिला?

माझा जन्म कारखान्यात झाला. एका मितभाषी मुलीने माझे अक्षरांचे दांडे एकेक करून जुळवले, रुळावर पहिला कागद चढवला आणि 'चालतो' एवढंच टाइप केलं. तपासनिसाला तेवढंच कळायला हवं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या हातून इतकं चांगलं लिखाण झालं नाही.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या कचेरीत आलो आणि लेखनिकाच्या तावडीत सापडलो. लोक त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे प्रस्तावनाबुवा. दारात कुणी दिसलं रे दिसलं की हा गृहस्थ माझ्यात कागद चढवायचा आणि मला बडवायला लागायचा. 'सविनय सादर करण्यात येते की, मानवसेवेच्या या पवित्र मंदिरात...' समोरचा माणूस आपला ताटकळत उभा! पहिलं पान भरल्यावर, दुसरं चढवता चढवता हा विचारणार, "हं, काम काय होतं आपलं?"

आणि लोक तरी काय दिवे लावत होते! "वा, काय भाषा आहे!" म्हणत माना डोलवायचे. कुणाची रजा मंजूर झाली नाही, कुणाची बदली रद्द झाली नाही, तरी घरी जाऊन भाषेचं कौतुक. मला अगदी शिसारी यायची. ओळ संपत आली की माझी घंटी वाजते, ती मी दर वेळी वैतागूनच वाजवली आहे.

एके दिवशी सकाळी धुलाईखात्याची मुकादम बाई आली. तिने दारातूनच सांगितलं, "साहेब, मोठ्या इस्त्रीच्या यंत्राचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. झाकण उघडलं की वाफ अंगावर येते. माझी धाकटी जाऊ तिथे उभी असते हो, माझा जीव टांगणीला लागलाय."

"बसा, बसा," बुवा म्हणाले. त्यांचं अर्धं पान तोवर भरलंसुद्धा होतं.

चार पानं झाली! पहिल्यात धुलाईखात्याचा इतिहास, दुसऱ्यात शुभ्र चादरी आणि निर्मळ मन, चौथ्यात नुसते आभार. तिसऱ्या पानावर कुठेतरी 'यंत्रसामग्रीच्या काही किरकोळ अडचणी' होत्या. व्हॉल्व्ह हा शब्द माझ्या दांड्यांना शिवलाही नाही. बाईने विश्वासाने सही केली. आठवड्याने अधीक्षकांचा शेरा आला, 'भावना पोचल्या. आभारी आहोत.' बुवांनी तो चौघांना वाचून दाखवला.

शेरा आल्यावर चौथ्या दिवशी वाफ आली ती थेट जावेच्या उजव्या हातावर.

ती चार पानं माझ्याच दांड्यांनी उमटवली होती. बुवांची कीव करता करता त्या दिवशी मला स्वतःचीही लाज वाटली.

मुकादम बाई पुन्हा आली. बुवांनी सवयीने कागद चढवला. तिने सरळ माझ्या कळांवर पंजा ठेवला.

"थांबा. आधी मला सांगा, हे वाचून अधीक्षकांनी उठून काय करायचं?"

इतक्या वर्षांत बुवांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःला तर नाहीच नाही.

"व्हॉल्व्ह बदलायचा," तीच म्हणाली. "लिहा तेवढंच."

"एवढंच? अहो बाई, हे पत्रासारखं दिसत नाही."

"माझ्या जावेचा हात तरी कुठे हातासारखा दिसतोय?"

बुवांनी खाली मान घालून टाइप केलं, 'इस्त्री यंत्राच्या व्हॉल्व्हमुळे एक बाई भाजली आहे. तो आजच बदलावा.' संध्याकाळच्या पाळीआधी नवा व्हॉल्व्ह बसला. त्याला आधी कुणी नाही म्हटलंच नव्हतं. कुणी मागितलाच नव्हता ना!

पुढे संगणक आला. बुवा धडा शिकले असतील असं वाटतंय तुम्हाला? छे! संगणकावर पान संपतच नाही, मग काय, त्यांची चंगळच झाली. मला अडगळीत टाकलं. माझी फीत वाळली, दांड्यांना गंज चढला. एक दिवस मुकादम बाईनेच मला मागून घेऊन धुलाईखात्यात नेलं.

आता तिची जाऊ मला चालवते. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत, म्हणून तो हात ती मांडीवर ठेवते. आधी बराच वेळ कोऱ्या कागदाकडे बघत बसते. मग डाव्या हाताच्या एकाच बोटाने लिहिते, 'साबण संपला. उद्या सकाळी दोन पोती हवीत.' झालं! 'चालतो' नंतर मला अभिमान वाटावा असं लिखाण हेच.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही. ते ती करते. तुम्ही एवढंच करा, की वाचणाऱ्याने उठून काय करायचं ते एका ओळीत सांगता येत नसेल, तर पेन खाली ठेवा. ती चार पानं लिहायला बुवांना एक सकाळ लागली. तिच्या उजव्या हाताला ती जन्मभर पुरणार आहेत.