सात काड्यांची बाजू

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. तुमच्या अंगणातून दोन माणसं लोखंडी खुंट्या ठोकत चालली आहेत. खुंटीच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं गोऱ्या बागाईतदाराचं. आणि तुमचं घर पलीकडे राहिलंय. आता दाद मागायला कुणाकडे जाल?

गाचांजा मास्तरांच्या घराचं असंच झालं होतं. वर्गात ते मुलांना नैरोबीचं कायदेमंडळ शिकवायचे, जमिनीवर चवळीचे दाणे मांडून. अकरा दाणे गोऱ्या बागाईतदारांचे, पाच हिंदी लोकांचे, एक अरबांचा. सरकारी अधिकाऱ्यांचे या सगळ्यांहून जास्त.

"आणि आपले, मास्तर?"

मास्तर शेवटी एक दाणा ठेवायचे. "हा. आपल्या वतीने पाद्रीसाहेब बसतात."

"पण ते तर गोरेच आहेत."

मुलं हसायची, मास्तरही हसायचे. यंदा त्यांना हसू आलं नाही. हद्द बदलण्याचा कायदा त्याच मंडळापुढे होता.

त्यांचे वडील, म्हातारे काहिगा, मात्र निर्धास्त होते. त्यांच्या गिकुयू जमातीतला माणूस पंचांपुढे बाजू मांडतो तेव्हा दर मुद्द्याला एक काडी खाली ठेवतो. पाद्री गावात आले तेव्हा मास्तर शाळेत होते. काहिगांनी एकट्यानेच त्यांच्यापुढे सात काड्या ठेवल्या. रान कुणी तोडलं, आजा कुठे पुरला, ओढा कुठून वाहतो, सगळं सांगितलं. मग काड्यांची जुडी बांधून त्यांच्या हातात दिली.

"तिथे माझ्या नावाने एकेक ठेवा. घाई करू नका."

पाद्र्यांना भाषा मोडकीतोडकीच यायची. त्यांनी जुडी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हाताऱ्याचे आभार मानले.

महिन्याने मास्तर मिशनच्या बंगल्यावर गेले. जुडी फडताळात मांडून ठेवली होती. दोरीची गाठ तशीच होती.

"तुमच्या वडिलांची भेट," पाद्री मायेने म्हणाले. "रोज बघतो मी."

"कायद्याचं काय झालं, साहेब?"

"मंजूर झाला. पण तुम्हाला बदली जमीन द्यायची, हे मी त्यात घालून घेतलं. म्हणून तर मी बाजूने मत दिलं."

"कुठे जमीन?"

"खाली माळावर."

"तिथे पाणी नाही."

पाद्री हळूच म्हणाले, "हे मला कुणी सांगितलं नाही, मास्तर."

पाचवी काडी पाण्याची होती. मास्तर नमस्कार करून निघाले.

काहिगा दारातच बसले होते. "काय रे, कितव्या काडीवर अडले ते?"

मास्तर त्यांच्याजवळ टेकले.

"बाबा, काड्या तिथे ठेवल्याच नाहीत."

"मग त्यांनी ऐकलं तरी काय?"

म्हातारा मान वळवून ओढ्याकडे पाहत बसला.

मास्तरांची आठ वर्षांची मुलगी न्यागुथी खांबाला टेकून ऐकत होती. "कधी निघायचं, बाबा?"

"पौर्णिमेच्या आत."

ती मागे परसात गेली. रताळी अजून बोटाएवढीच होती, काढायला दोन महिने अवकाश होता. न्यागुथीने टोपली शेजारी ठेवली आणि पहिला वेल उपटला.