हिरव्या दगडावरची पांढरी देवी

२००३चा पावसाळा संपता संपेना, आणि चंडीगढच्या एका सेक्टरातल्या बागेत देवी प्रकटली. शेवाळलेल्या दगडावर तीन स्वच्छ पांढरे पट्टे! झालं, रांग थेट मार्केटपर्यंत. स्कूटरवाले, मारुतीवाले, नवा मोबाइल मिरवणारे, सगळे अनवाणी.

"पाप बढ़ गया है जी, तभी पत्थर हरा हुआ," जलधारी बाबा गर्जत होते. "जहाँ माता ने हाथ फेरा, वहाँ मैल टिकता ही नहीं! यही जल पियो. दमा, शुगर, वीज़ा, सबकी गारंटी पक्की!"

विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या शैलजाचा नुसता तिळपापड होत होता. त्यात शेजारची सरोज, एअरफोर्समधल्या विनायकची बायको, रांगेत सर्वांत पुढे. दगडावर थेंब थेंब पाणी सोडणारी तांब्याची गळतीसुद्धा तिनंच नाशिकहून आणून दिलेली, बाबांनी जूनमध्ये तो दगड पुजायला घेतला तेव्हाच, पट्टे उमटण्याआधी. परमुलखातली देवी असली म्हणून काय झालं, अभिषेक आपल्या रीतीनंच व्हायला हवा ना! वर लेकीचा, हिमानीचा, दम्याचा पंपही तिनं बाबांच्या ताटात वाहिला होता.

त्या संध्याकाळी रांगेतच हिमानीची छाती वाजू लागली.

"मम्मी, साँस नहीं आ रही."

"तीर्थ घे, बाळा."

शैलजानं ताटातला पंप उचलून मुलीच्या तोंडाला लावला.

"माता का चढ़ावा!" बाबा ओरडले.

"माता को दमा है क्या?"

मुलीचा श्वास जागेवर आल्यावर शैलजानं सरोजला स्कूटर-स्टँडच्या मागे नेलं. मागोमाग अर्धी रांग आली. तिथल्या हिरव्या दगडी भिंतीवर एक लख्ख पट्टा होता. दोघातिघांनी लगेच हात जोडले.

"हात खाली करा," शैलजा म्हणाली. "वर माझी गळती आहे, सरोजची बघून मीच जुलैपासून पडताळायला टांगलेली. तांबं पाण्यात उतरतं आणि ते पाणी ओघळेल तिथे शेवाळ तग धरत नाही. बाबांनी सरोजची गळती तीन जागी हलवली, म्हणून पट्टे तीन."

"पण दगड असा हिरवा पूर्वी नव्हता ग," सरोज पुटपुटली.

"पूर्वी दसऱ्यापर्यंत हवा कोरडी व्हायची, शेवाळ वाळायचं. हल्ली पाऊस लांबतो, थंडी उशिरा येते. आपल्या धुरानं हवा तापतेय आणि शेवाळाची चंगळ होतेय. पापाचा काही संबंध नाही."

"आणि ते तीर्थ? मी रोज पाजलं तिला."

"तांबं आणि शेवाळ."

सरोजनं हिमानीला घट्ट जवळ घेतलं आणि ती सगळ्यांदेखत रडली. बाबा तोवर पिंजौरच्या बसमध्ये बसले होते.

दगड हिरवा झाला तर हवेकडे बघा, छाती वाजली तर डॉक्टरकडे जा. देवी काही कुणाचं औषध बंद करायला सांगत नाही. सांगतो तो बाबा, आणि त्याच्या लेकराला दमा नसतो.