मागच्या गाडीचा पत्ता

पिंपळगाव राजाच्या जिनिंग कारखान्याबाहेर कापसाच्या गाड्या दिसेल त्या सावलीला उभ्या असत. कोण कोणाच्या मागे, हे फक्त माणसांच्या डोक्यात. त्यातून एखादा सोयरा उशिरा आला, तर मागच्याला विचारून त्याला मध्ये घ्यायची रीत. त्यामुळे आधी आला त्याचा नंबर आधी, असंही म्हणायची सोय नव्हती.

त्या साली बीटीच्या पऱ्हाटीत, अळी लागू नये म्हणून घेतलेल्या कपाशीतही, गुलाबी बोंडअळी शिरली होती. निम्मा कापूस किडून, डागाळून कवडी झालेला, वर आभाळ भरून आलेलं. उरलेला भिजला तर त्याला कोणी विचारणार नव्हतं.

अशा वेळी गाड्यांचा क्रम कॉम्प्युटरवर ठेवायचं काम आलिमानं अंगावर घेतलं. ती खामगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती आणि जिनिंगचा मुनीम वहाब तिचा सख्खा मामा. तिनं सी भाषेत प्रोग्राम लिहिला. एक गाडी म्हणजे साखळीतली एक गाठ. गाठीत मालकाचं नाव, आणि मागची गाठ मशीनच्या मेमरीत कुठे बसली आहे तो पत्ता. मध्ये कोणी आलं की दोन पत्ते फिरवायचे, झालं काम. मामा भाचीच्या कौतुकात इतका बुडाला की गाड्या आता हिच्या प्रोग्रामप्रमाणेच आत येतील, असं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं.

गाड्यांची नोंद झाल्यावर सकाळी वीज गेली आणि आली. आलिमानं फाईल उघडली तर नावं होती, क्रम नव्हता. तिनं प्रत्येक गाठ आली तशी फाईलच्या शेवटी लिहिली होती, पत्त्यासकट. पण ते पत्ते वीज होती तोवरचे. मशीन नव्यानं सुरू झालं की त्या जागी भलतंच काही बसलेलं असतं. फाटक उघडायची वेळ झाली होती आणि लोक नंबर विचारायला खिडकीशी येत होते.

पहिली गाडी रुखमाबाईंची, एवढं तिला आठवत होतं. ती धावत त्यांच्याकडे गेली आणि तुमच्या मागे कोण, म्हणून विचारलं. त्यांनी दयारामकडे बोट दाखवलं. दयारामनं माणिकरावांकडे. कडुनिंबाखालून रस्त्यापलीकडे, तिथून पाण्याच्या टाकीकडे ती फिरत राहिली. प्रत्येकाला एकच नाव ठाऊक, त्यापुढचं कोणालाच नाही, तरी कोणी अडखळलं नाही.

मग भगवानराव भेटले.

“माया मांगं गोविंदा होता. त्याचा बैल बसला, तं तो घरी गेला.”

आलिमा जागीच थांबली. मधली गाठ गेली म्हणजे तिच्या मागचं सगळं गेलं. एवढ्या गाड्या आता कोणाच्या मागे लावायच्या? तिचे डोळे भरून आले.

“काऊन रडून राह्यली, पोरी?” भगवानराव म्हणाले. “जायच्या आंधी त्यानं त्याच्या मांगच्या कोकिळाबाईले माया गाडीपाशी आनलं. म्हने, आता हे तुमच्या मांगं. असं सांगितल्याबिगर कोनी जाते काय?”

पुस्तकात अगदी हेच होतं. गाठ काढायची तर आधी तिच्या पुढचीला मागचीशी जोडा, मगच तिला सोडा. आलिमानं ते परीक्षेपुरतं घोकलं होतं. इथे ते कधीपासून चालत आलं होतं, अल्लाह जाणे. ती भगवानरावांकडे बघतच राहिली. आजवर शिकलेलं काहीच तिला एवढं मोठं वाटलं नव्हतं.

शेवटी टेम्पोला टेकलेला अकरम म्हणाला, माझ्या मागे कोणी नाही.

परत येऊन तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती नावं त्याच क्रमानं फाईलमध्ये लिहिली, पत्ता एकही नाही. वाचताना प्रोग्राम प्रत्येक नावाला नवी गाठ बनवणार आणि आधीच्या गाठीला बांधणार. मग मामाच्या डोळ्यांदेखत तिनं स्वतःच मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. नावं एकापाठोपाठ एक उतरली. भगवानरावांच्या मागे कोकिळाबाई.

मामानं फाटक उघडायला सांगितलं. अकरमचा टेम्पो शेडखाली आला तेव्हा पत्र्यावर पहिले थेंब वाजले. कापूस एकाचाही भिजला नव्हता. मामा शाबासकी देत होता, पण आलिमानं भगवानरावांकडे बोट दाखवलं.