पाठीवरचं बोट

डोळे तपासायला आलेल्या कुंथियाने मापाच्या दोरीचं एक टोक यानम्हातारीच्या पायाशी ठेवलं आणि दुसरं जिथे पोचलं तिथे ती फोन धरून उकिडवी बसली. मग मान वर करून यानच्या मागे बसलेल्या तिच्या नवऱ्याला, चुमला, म्हणाली, "आजोबा, या वर्षी मागे कुणाला बसू द्यायचं नाही असं वरून सांगितलंय. तुम्ही जरा दारात बसता?"

चुम उठला. तरंगत्या घराचं दार ते कितीसं लांब, पाच पावलं. तिथे बसून त्याने जाळं मांडीवर ओढलं.

"जाऊ दे त्यांना," यान म्हणाली. "चाळीस वर्षांत माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. आता हा फोन तरी बघतोय."

कुंथिया हसली. फोनवर तीन दात्यांची फणी उमटायची. दाते ज्या बाजूला, तिकडे हात करायचा. मग फणी आणखी लहान व्हायची.

यानने हात उचलला. तो हवेत थोडा घोटाळला आणि उजवीकडे गेला. कुंथियाने फणी मोठी केली. मग आणखी मोठी. तिचं हसू कधी गेलं ते चुमने पाहिलं, आणि त्याची सुई जाळ्यात अडकली.

गेल्या वर्षी तपासणीच्या वेळी तो यानच्या मागे बसला होता. त्याची नजर अजून घारीची. होडीत नेहमीच ती पुढे, तो मागे. मासे बुजू नयेत म्हणून बोलायचं नाही, तिच्या पाठीवर बोट टेकवायचं आणि तिने वल्हं तिकडे वळवायचं. तपासणीतही तेच केलं: फणीचे दाते वर, बोट वर. दाते डावीकडे, बोट डावीकडे. कुंथिया तेव्हा नवीन होती. एवढं म्हातारं माणूस आणि एवढी स्वच्छ नजर, म्हणून तिने टाळी वाजवली होती. त्यांच्या मुलीने त्याआधीच बट्टंबंग शहराहून निरोप धाडला होता की आईला दिसेनासं झालं तर पाण्यावर ठेवायची नाही, मी तिला जमिनीवर नेणार. चुमला तेवढंच कळलं होतं. तपासणीत सापडलं तर औषध मिळतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कुंथियाने फोनला भिंग लावून डोळ्यांच्या आतले फोटो काढले आणि शहरातल्या डॉक्टरांना पाठवले. उत्तर आलं तेव्हा तिने ते दोनदा वाचलं. काचबिंदू. डावा डोळा गेलेला, उजव्यात थोडं शिल्लक. ते औषधाने टिकेल, पण गेलेलं परत येणार नाही.

मग ती गेल्या वर्षीची नोंद बघत राहिली.

"सगळं बरोबर लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "तेव्हा औषध सुरू झालं असतं तर... माझंच चुकलं, आजी. नवीन होते मी. धड तपासलं नसणार."

चुमने तोंड उघडलं.

"गेल्या वर्षी मला दिसत होतं, पोरी," यान म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही."

कुंथियाने हात जोडून कपाळाला लावले. तिला ते पटलं नव्हतं. दवाखान्याची चिठ्ठी लिहून ती आपल्या होडीत उतरली.

चुमने जाळ्यात अडकलेली सुई सोडवली.

"बोट माझं होतं," चुम म्हणाला.

"हात तर मीच वर केला ना." यान चिठ्ठी उगाच चाचपत होती. "तिला सांगू नका. पोर तरुण आहे, विसरेल. कळलं तर गावभर होईल. तुम्हाला सोसायचं नाही."

शेजारच्या घरात सानम्हाताऱ्याची तपासणी सुरू झाली होती. पाण्यावरून कुंथियाचा आवाज स्पष्ट येत होता. बरोबर आहे, आजोबा, पण पुन्हा एकदा करू. थोड्या वेळाने पुन्हा तेच. शेवटी सान वैतागला.

"अगं, सगळी बरोबर सांगितली म्हणालीस की. तीनदा झालं."

"हो, आजोबा. तरी अजून एकदा."

चुमने जाळं बाजूला सारलं आणि सानच्या घराकडे जायला होडीची दोरी सोडू लागला. गाठ त्यानेच मारलेली, रोजचीच. पण ती सोडायला त्याला फार वेळ लागला.