घरची गोष्ट

भागीरथीनं दाराला कान लावला. आतल्या पंख्याच्या घरघरीत शब्द काही लागेनात, पण आवाज पवित्राचाच. घरी जिच्या तोंडून हूं की चूं निघत नाही ती पोरगी इथं अखंड बोलत होती, आणि तेही कुणापाशी? परक्या बाईपाशी!

या तमिळ गावातल्या नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत दर गुरुवारी शेजारच्या साक्कोट्टैहून बसनं येणारी ही नंदिता मिस. पोरींनी मनातलं बोलावं म्हणून नेमलेली. शाळेच्या पालक समितीत हिच्यासाठी हात वर केला तो भागीरथीनंच. दुसऱ्यांच्या पोरींना गरज असेल, असं तिला वाटलेलं. आपलीच पोर पहिली जाऊन बसेल हे कुठं ठाऊक होतं?

आणि सांगण्यासारखं घरात होतं तरी काय? एकच गोष्ट. थोरल्या लावण्यानं दारासुरमच्या विणकराच्या मुलाशी नोंदणी लग्न केलं होतं. ती कोइमतूरला नोकरीला आहे, असं भागीरथी सगळ्यांना सांगे. मरुदानल्लूरच्या भजनात कुणी विचारलं तरी हेच. घरात तिचं नाव काढायचं नाही, असा नवऱ्याचा, मुकुंदरावांचा हुकूम. हे फुटलं तर पवित्राला उद्या कोण करून घेणार? त्यातून समितीतली ती नागलक्ष्मी, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मिसनं तिच्यापाशी नुसतं एक वाक्य टाकलं की झालं कल्याण!

कालच तिनं पवित्राला बजावलं होतं, "घरची गोष्ट बाहेर सांगूं नको."

"मी कुणास कांहीं सांगत नाहीं, आई."

खोटारडी! भागीरथीनं दार ढकललं. पवित्रा एकदम गप्प झाली.

"या अम्मा, मीच बोलावणार होते तुम्हाला," नंदिता तमिळमध्ये म्हणाली.

"काय काय सांगितलं हिनं?" भागीरथीनंही तमिळमध्येच विचारलं.

"मला माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? दर गुरुवारी बोलते ना?"

"बोलते, पण तुमच्या मराठीत. पहिल्याच दिवशी विचारलं तिनं, मिस, तुम्हाला मराठी येतं का? नाही म्हटलं, तेव्हा बोलायला लागली. मी नुसती ऐकते. एकच शब्द कळतो, तो आमच्यातही तोच. अक्का."

भागीरथीला पटेना. सोंग कशावरून नसेल? ती पवित्राकडे वळली आणि मुद्दाम मिसला ऐकू जाईल असं मराठीत म्हणाली, "ही बाई लबाड दिसते. चोराचे डोळे आहेत इचे."

"आई!" पवित्राचे कान लाल झाले.

नंदिता मात्र आधीसारखीच दोघींकडे बघत होती. पाण्याची बाटली तिनं भागीरथीपुढं सरकवली.

भागीरथीचा जीव भांड्यात पडला. काही फुटलं नव्हतं. मग तिचं लक्ष लेकीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे गेलं. ती बाकावर लेकीशेजारी टेकली.

"माझ्यापाशी बोल गे. मला कळतें ना."

पवित्रानं मान हलवली.

"कळतें, म्हणूनच नको."

भागीरथीला लाज वाटली. अशी लाज तिला लावण्याच्या लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती. बाहेर व्हरांड्यात नागलक्ष्मीचा आवाज येत होता, समितीची बैठक सुरू व्हायची होती. भागीरथी उठली, दार लावायला म्हणून दोन पावलं गेली, आणि न लावताच परत आली.

"मिस," ती तमिळमध्ये म्हणाली, "हिची अक्का म्हणजे माझी थोरली. लावण्या. लोकांना मी कोइमतूर सांगते." तिनं उघड्या दाराकडे पाहिलं, पण आवाज खाली आणला नाही. "तिथं नाहीये ती. दारासुरमला आहे, नवऱ्याच्या घरी. इथून टाउन बस जाते."